ग्रेपवरून रिपग्रेपवर : कोडमधल्या शोधाशोधीची गोष्ट

प्रोग्रॅमिंग म्हणजे दिवसभर नवीन कोड लिहिणं असा आपला फर्स्ट इयरला समज असतो. थर्ड इयरला आल्यावर कळतं की लिहिण्यापेक्षा शोधण्यातच जास्त वेळ जातो. हे फंक्शन कुठे डिफाईन केलंय? हा एरर मेसेज नेमक्या कोणत्या फाईलमधून येतोय? सीनियर्सनी जाताना हातात ठेवलेल्या प्रोजेक्टमध्ये डेटाबेसचा पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय? (तो कुठेतरी असतोच!) या शोधाशोधीसाठी लिनक्स लॅबमध्ये आपल्याला ग्रेप ही कमांड शिकवतात. प्रॅक्टिकलला ती येते, व्हायव्हाला विचारतात, मग जर्नलवर सही झाली की आपण ती विसरतो. माझ्या बाबतीत मात्र या वर्षी ग्रेपच्या जागी रिपग्रेप नावाचं टूल आलं. होस्टेलवर दोन-चार जणींनी “हे काय नवीन?” म्हणून विचारलं, म्हणून हा लेख.

एक सूचना आधीच देते. मराठी विभागात रोमन अक्षरं नकोत, असा नियम आहे. त्यामुळे कमांड मी ऐकू येतात तशा लिहिल्या आहेत. ‘आर-जी डॅश आय’ असं वाचलंत तर कीबोर्डवर इंग्रजीतच टाइप करा. ‘डॉट’ म्हणजे टिंब, ‘डॅश’ म्हणजे आडवी रेघ. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला हे जरा उलटं वाटतंय, पण चालायचंच.

आधी ग्रेपबद्दल, कारण म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवलाच पाहिजे. ग्रेप १९७३ सालची. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन या युनिक्सच्या जनकांपैकी एकाने ती लिहिली. त्या वेळी युनिक्सवर ‘ई-डी’ नावाचा एक एडिटर होता. त्यात एखादा पॅटर्न असलेल्या सगळ्या ओळी छापायच्या असतील तर ‘जी’, तिरकी रेघ, ‘आर-ई’, तिरकी रेघ, ‘पी’ असं द्यावं लागे. जी म्हणजे ग्लोबल, आर-ई म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन आणि पी म्हणजे प्रिंट. रेघा काढून टाका, उरतं ते ग्रेप. ब्रायन कर्निघन (आपल्या ‘सी’च्या पुस्तकातला के!) सांगतात की ली मॅकमहॉन या सहकाऱ्याला ‘फेडरलिस्ट पेपर्स’ या ८५ जुन्या निबंधांतली लेखनशैली तपासून कोणता निबंध कोणी लिहिला ते ठरवायचं होतं. पण तो सगळा मजकूर ई-डीच्या मेमरीत मावत नव्हता. तेव्हा थॉम्पसनने एडिटरमधला शोधण्याचा भाग तेवढा उचलून वेगळा प्रोग्रॅम केला. म्हणजे ग्रेपच्या जन्मकथेत कोड नाहीच, साधा मजकूर आहे. हे लक्षात ठेवा, पुढे मराठीकडे यायचंय.

मग पन्नास वर्षं चाललेलं टूल बदलायचं कशाला? ग्रेप मंद आहे म्हणून, असं बहुतेक जण सांगतील. ते अर्धंच खरं आहे. एकच मोठी फाईल द्या आणि त्यात साधा शब्द शोधा, ग्रेप आजही जबरदस्त वेगाने चालते. खरी अडचण वेगळी आहे. १९७३ साली प्रोजेक्ट म्हणजे चार-दहा फाईल्स. आज वेब टेक्नॉलॉजीच्या सब्जेक्टसाठी साधं एक पान बनवायला घेतलं तरी ‘नोड मॉड्यूल्स’ नावाच्या फोल्डरमध्ये हजारो फाईल्स येऊन पडतात. त्यांतली एकही आपण लिहिलेली नसते. ग्रेपला ‘डॅश आर’ देऊन पूर्ण फोल्डर शोधायला सांगितलं की ती इमानदारीने त्या सगळ्या परक्या फाईल्सही वाचते. वेळ तर जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे उत्तरांचा पूर येतो. आपल्या तीन ओळी त्या पुरात कुठे वाहून गेल्या ते कळत नाही.

ही तक्रार जुनीच आहे. २००५ साली अँडी लेस्टर याने पर्ल भाषेत ‘ॲक’ नावाचं टूल लिहिलं. त्या काळी लोक सबव्हर्जन वापरत. सबव्हर्जन प्रत्येक फोल्डरमध्ये एक लपलेलं फोल्डर करून त्यात प्रत्येक फाईलची मूळ प्रत ठेवत असे. त्यामुळे ग्रेपने काहीही शोधा, उत्तर दोनदा यायचं. ॲकने ठरवलं की असली फोल्डर्स बघायचीच नाहीत आणि फक्त सोर्स कोड वाचायचा. कल्पना साधी होती, पण लोकांनी ती उचलून धरली. नंतर जेफ ग्रीअरने तीच कल्पना सी भाषेत आणली आणि नाव दिलं ‘द सिल्व्हर सर्चर’. कमांड ‘ए-जी’. ए-जी म्हणजे चांदीची रासायनिक संज्ञा, आणि ॲकपेक्षा एक अक्षर टाइप करायचं कमी! मग सप्टेंबर २०१६ मध्ये अँड्र्यू गॅलंटने रस्ट भाषेत लिहिलेलं रिपग्रेप जाहीर केलं. कमांड फक्त दोन अक्षरी, ‘आर-जी’. ‘रिप’ म्हणजे ग्रेपला श्रद्धांजली असं पुष्कळांना वाटतं, पण स्वतः लेखकाने तो अर्थ नाकारलाय. मजकूर फाडत सुसाट जाणं, असा त्यातला ‘रिप’ आहे.

आणि गंमत अशी की तुमच्यापैकी बहुतेकांनी ते वापरलेलं आहे. व्हीएस कोडमध्ये डाव्या बाजूच्या भिंगावर क्लिक करून पूर्ण प्रोजेक्टमध्ये शोधता ना? २०१७ पासून त्याच्या आत रिपग्रेपच काम करतं.

आता ते वेगवान का आहे, ते बघू. इथे जरा सावकाश जाऊ, कारण अल्गोरिदमच्या पेपरात जे पाठ करतो ते सगळं इथे खरंखुरं कामाला आलेलं दिसतं.

आमच्या रावेरच्या स्टेशनवर लहानपणी मालगाडीचे डबे मोजणं हा आवडता उद्योग होता. सावदा, निंभोरा, रावेर या पट्ट्यातून केळी भरलेल्या वाघिणी दिल्लीकडे जायच्या. समजा, एका लांबलचक मालगाडीत सलग सात लाल डबे कुठे आहेत ते शोधायचंय. साधा माणूस पहिल्या डब्यापासून एकेक बघत जाईल. हुशार माणूस थेट सातवा डबा बघेल. तो काळा असेल तर पहिल्या सात डब्यांत सलग सात लाल असूच शकत नाहीत, आणि त्या काळ्या डब्याला धरून कुठलीच लाल रांग होऊ शकत नाही. म्हणून मधले बघायची गरजच नाही, सरळ चौदावा बघायचा. चौदावा लाल निघाला तर मात्र मागे वळून तपासायचं. रॉबर्ट बॉयर आणि जे मूर यांचा १९७७ सालचा अल्गोरिदम याच विचारावर उभा आहे. यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. शब्द जितका लांब, तितका शोध जलद, कारण उडी तेवढी लांब पडते.

जीएनयू ग्रेपचा मूळ लेखक माईक हार्टेल याने आपल्या वेगाचं गुपित असंच सांगितलंय : प्रत्येक बाईटकडे बघायचंच नाही, आणि ज्याच्याकडे बघायचं त्याच्यावर कमीत कमी काम करायचं. मला हे वाक्य परीक्षेच्या अभ्यासालाही लागू वाटतं, पण ते असो.

रिपग्रेप इथे आणखी एक डाव टाकतं. आजच्या प्रोसेसरमध्ये एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये १६ किंवा ३२ बाईट एकदम तपासण्याची सोय असते. कॉम्प्युटर आर्किटेक्चरमध्ये ‘सिमडी’ म्हणून चार मार्कांना येतं, तेच हे. शोधायच्या शब्दातला सगळ्यात दुर्मिळ बाईट कोणता, याचा रिपग्रेप अंदाज बांधतं आणि आधी फक्त तो बाईट या झपाट्याने शोधतं. तो सापडला तरच आजूबाजूचं बघायचं. लग्नाच्या पंगतीत आपली मैत्रीण शोधायची असेल तर ‘साडी नेसलेली’ शोधून काय उपयोग? ‘मोरपंखी साडीवाली’ शोधावी लागते, तसं.

तिसरी गोष्ट, कामाची वाटणी. ग्रेप एकटीच एका फाईलनंतर दुसरी असं करत जाते. रिपग्रेप प्रोसेसरच्या सगळ्या कोअरवर थ्रेड टाकून फोल्डर्स वाटून घेतं. याचा एक दुष्परिणाम म्हणजे फाईल्सचा क्रम दर वेळी वेगळा येऊ शकतो. जर्नलमध्ये आउटपुट चिकटवायचं असेल तर ‘डॅश डॅश सॉर्ट पाथ’ द्या. वेग कमी होईल, पण क्रम पक्का राहील.

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती नुसत्या वेगाची नाही, भरवशाची आहे. रेग्युलर एक्स्प्रेशन जुळवायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे बॅकट्रॅकिंग. अनोळखी गावात पत्ता शोधताना एका गल्लीत शिरायचं, शेवटपर्यंत जायचं, नाही मिळाला की मागे फिरून दुसरी गल्ली. गल्ल्यांना फाटे, फाट्यांना आणखी फाटे फुटले की पंधरा मिनिटांच्या कामाला जन्म पुरत नाही. दुसरा मार्ग थॉम्पसननेच १९६८ सालच्या पेपरमध्ये दाखवला होता. दर फाट्यावर एकेक पोरगं उभं करायचं आणि सगळ्यांनी एकाच वेळी एकेक पाऊल पुढे टाकायचं. दोन पोरं एकाच ठिकाणी पोचली तर एकाला घरी पाठवायचं. मग कितीही फाटे असू देत, मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वेळ लागतो. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनमधला ‘एनएफए’ तो हाच! तो विषय कशाला शिकवतात असं म्हणणाऱ्यांनी हा पॅरेग्राफ दोनदा वाचावा.

पर्ल, पायथॉन, जावा यांत पहिल्या पद्धतीचं इंजिन असतं, कारण त्याने काही जास्तीच्या सोयी देता येतात. पण त्याची किंमत कधीकधी भलतीच पडते. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीने आपल्या फायरवॉलमध्ये एक नवा नियम टाकला. त्यातल्या एका रेग्युलर एक्स्प्रेशनने बॅकट्रॅकिंगच्या चक्रात अडकून जगभरातल्या सर्व्हरांचे प्रोसेसर १०० टक्क्यांवर नेले आणि अर्ध्या तासाच्या आसपास असंख्य वेबसाईट्स बंद पडल्या. त्याच्या आधी, २० जुलै २०१६ ला, आपल्या सगळ्यांचा तारणहार स्टॅक ओव्हरफ्लो अशाच कारणाने झोपला होता. क्लाउडफ्लेअरने नंतर वेळेची हमी देणाऱ्या इंजिनकडे जायचं ठरवलं आणि जी दोन नावं घेतली त्यांत एक रस्टचं रेग्युलर एक्स्प्रेशन इंजिन होतं. रिपग्रेप चालतं ते त्याच इंजिनावर, आणि लिहिणाराही तोच गॅलंट. ज्यांना पर्लसारख्या सोयी हव्याच असतील त्यांच्यासाठी ‘डॅश मोठा पी’ दिल्यावर दुसरं इंजिन मिळतं, पण मग हमी गेली.

आता एक इशारा. लॅबमध्ये दोन्ही टूल्सची शर्यत लावायची असेल तर नीट लावा. पहिल्यांदा जे चालवाल त्याला फाईल्स हार्डडिस्कवरून वाचाव्या लागतात, दुसऱ्यांदा त्याच फाईल्स मेमरीतल्या कॅशमध्ये तयार असतात. त्यामुळे आधी ग्रेप आणि मग रिपग्रेप चालवून “बघा किती फास्ट!” म्हणणं हा निव्वळ अन्याय आहे. दोन्ही आधी एकेकदा चालवून घ्या, मग वेळ मोजा. जुन्या हार्डडिस्कच्या मशीनवर पहिल्या वेळी दोघांनाही डिस्कच थांबवते, तिथे अल्गोरिदम काय करणार?

आणि आता मराठी. खरं तर या भागासाठीच मी लेख लिहायला घेतला.

आमच्या ग्रुपचा मिनी प्रोजेक्ट केळी बागांच्या नोंदी ठेवण्याचा आहे. मृगबाग की कांदेबाग, लागवडीची तारीख, खतं, करपा दिसला का, घड किती कापले, वगैरे. घरी काका-बाबा या सगळ्या नोंदी वहीत ठेवतात, त्यामुळे स्क्रीन मराठीतच हवेत यावर आमचं एकमत होतं. तिघींनी मिळून मजकूर टाइप केला, एकीने विंडोजवर, एकीने उबुंटूवर, एकीने मोबाईलवरून. सरांनी सांगितलं की ‘शेतकऱ्याचे नाव’च्या जागी सगळीकडे ‘बागायतदाराचे नाव’ करा. शोध घेतला, सापडलं तिथे बदललं, तरी दोन स्क्रीनवर शेतकरी हटायला तयार नाही! शेजारच्या रूममधली म्हणाली, “अगं बाई, डोळ्यासमोर तर दिसतंय, मग त्याला कसं दिसत नाही?”

त्याला दिसत नाही कारण ते अक्षर आपल्याला एकच दिसतं, पण आतून वेगवेगळं असतं. मराठीतला हा अर्धा ‘र’, म्हणजे शेतकऱ्या, दुसऱ्या, वाऱ्यामधला, युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि त्याला हलन्त. दुसरा म्हणजे साधा ‘र’, त्याला हलन्त आणि त्यानंतर ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचं एक अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. कीबोर्ड कोणता आहे त्यावर यांतलं काय टाइप होईल ते ठरतं. त्यातच काही जण ‘र’ला वेगळा नुक्ता जोडून ‘ऱ’ बनवतात, आणि काही ठिकाणी जॉइनर राहूनच गेलेला असतो, मग डोक्यावर रफार येतो. युनिकोडमध्ये अशा सारख्या गोष्टी एका रूपात आणायची ‘नॉर्मलायझेशन’ नावाची सोय आहे, पण ती फक्त नुक्त्याचा प्रश्न सोडवते. ‘ऱ’वाला आणि जॉइनरवाला हे दोघे युनिकोडच्या हिशेबात वेगळेच आहेत. आणि रिपग्रेप स्वतःहून नॉर्मलायझेशन करत नाही, ग्रेपही करत नाही. टाइप केलं तेच शोधतात.

उपाय आहे. रिपग्रेप युनिकोड मुळातूनच समजतं. पॅटर्नमधलं टिंब म्हणजे त्याच्या लेखी एक युनिकोड चिन्ह, एक बाईट नव्हे. ‘रावेर’ हे नाव आपल्याला तीन अक्षरी वाटतं. युनिकोडमध्ये ती पाच चिन्हं आहेत (र, काना, व, मात्रा, र) आणि डिस्कवर पंधरा बाईट, कारण यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाईट लागतात. तेव्हा पॅटर्न असा द्यायचा : ‘शेतक’, पुढे टिंब, त्यापुढे महिरपी कंसात इंग्रजी अंकांत दोन, स्वल्पविराम, तीन, आणि मग ‘या’. म्हणजे मधे कुठलीही दोन किंवा तीन चिन्हं चालतील. ‘ऱ’ आणि हलन्त ही झाली दोन. र, हलन्त आणि जॉइनर ही तीन. र, नुक्ता आणि हलन्त हीसुद्धा तीन. रफारवाली चूक दोनात बसते. चारही जाळ्यात. आमचे हट्टी शेतकरी एका एंटरमध्ये बाहेर आले.

तसाच दुसरा गोंधळ ‘ॲ’चा. ॲप, ॲसिड लिहिणारी आपली पिढी, त्यामुळे हा रोजचाच. ‘अ’ला वरचा चंद्र जोडून लिहिता येतो, आणि २००८ साली युनिकोडने मराठीसाठी ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षरही दिलं. दिसायला पुन्हा तेच! शोधताना दोन्ही पर्याय कंसात उभी रेघ देऊन लिहा.

व्याकरणाचा त्रास तर वेगळाच. इंग्रजीत शब्दाला फार तर एस लागतो. आपल्याकडे ‘पाणी’ शोधलं तर ‘पाण्याचा’ सापडत नाही, कारण मूळ शब्दच बदलतो. आणि ‘डॅश डब्ल्यू’ देऊन पूर्ण शब्द शोधलात तर ‘केळी’ सापडेल पण ‘केळीच्या’ सुटेल. मराठी मजकुरात मी ‘डॅश डब्ल्यू’ जवळजवळ वापरतच नाही. ‘केळ’ एवढंच शोधायचं, म्हणजे केळं, केळी, केळ्यांची सगळीच येतात.

एक जागा मात्र अशी आहे की तिथे जगातलं कुठलंही शोध-टूल हात टेकेल. आपल्या मॅगझिनच्या जुन्या अंकांच्या फाईल्स एका पेनड्राईव्हवर मिळाल्या. त्यात ‘गॅदरिंग’ शोधलं, काही नाही. ‘भुसावळ’ शोधलं, काही नाही. कारण? त्या काळात मराठी टायपिंग बहुतेक ठिकाणी नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये व्हायचं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम ही नावं छापखान्यात गेलेल्या कोणालाही माहीत असतील. त्या फाईलच्या आत मराठी अक्षरं नसतातच. असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट फक्त त्यांच्या जागी मराठी चित्रं दाखवतो. फॉन्ट काढून घेतला की सगळी गिचमिड. याचा अर्थ मराठीसाठी प्रमाण कोड नव्हता असं नाही. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९८८ सालीच होतं आणि युनिकोडने देवनागरीची मांडणी त्यावरूनच घेतली. पण डीटीपीच्या धंद्यात फॉन्टचेच कोड रुळले. परिणाम आपण भोगतोय : छापलेलं दिसतं, कपाटात आहे, पण शोधता येत नाही. अशा फाईल्स आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणाव्या लागतात, आणि प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा. कोणाला फायनल इयर प्रोजेक्टला विषय हवा असेल तर हा घ्या. मॅगझिनच्या कपाटात मालमसाला भरपूर आहे.

विंडोजच्या नोटपॅडमध्ये पूर्वी ‘युनिकोड’ म्हणून सेव्ह केलेल्या फाईल्सचं दुखणं मात्र सोपं आहे. त्या यूटीएफ-१६ मध्ये असतात. ग्रेपला त्यांत काहीच सापडत नाही. रिपग्रेप फाईलच्या सुरुवातीची खूण ओळखून ती आपोआप वाचतं.

आता ज्या गोष्टीमुळे रिपग्रेप वेगवान आणि सुटसुटीत झालं, तिच्यातच एक खड्डा आहे, तो सांगायलाच हवा. रिपग्रेप काही फाईल्स न विचारता वगळतं. गिटइग्नोरमध्ये लिहिलेल्या, बायनरी, आणि लपलेल्या, म्हणजे ज्यांच्या नावाची सुरुवात टिंबाने होते त्या. समजा, प्रोजेक्ट गिटहबवर टाकायच्या आधी तुम्ही ‘आर-जी पासवर्ड’ करून खात्री करता. काहीच आलं नाही. छान! पण पासवर्ड ‘डॉट ई-एन-व्ही’ नावाच्या फाईलमध्ये असेल आणि ती गिटइग्नोरमध्ये घालायची राहिली असेल तर काय? रिपग्रेपने ती लपलेली म्हणून बघितली नाही. गिटला मात्र लपलेल्या फाईलचं काही वावडं नाही, ते ती खुशाल घेऊन जाणार. म्हणजे ‘सापडलं नाही’ याचा अर्थ ‘नाहीच’ असा होत नाही, ‘जिथे बघितलं तिथे नाही’ एवढाच होतो. अशा तपासणीला ‘डॅश डॅश हिडन’ द्या, किंवा ‘गिट ग्रेप’ वापरा. ते गिटकडे नोंद असलेल्या सगळ्या फाईल्स बघतं, लपलेल्या असोत की नसोत. आणि पासवर्ड एकदा कमिट होऊन गेला असेल तर आजची फाईल स्वच्छ करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये तो राहतोच. तिथे ‘गिट लॉग’ला ‘डॅश मोठा एस’ देऊन शोधावं लागतं, आणि सापडला तर आधी पासवर्डच बदलायचा.

सगळंच बघायचं असेल तर ‘डॅश यू’. एक यू दिला की गिटइग्नोरकडे दुर्लक्ष, दोन दिले की लपलेल्या फाईल्सही, तीन दिले की बायनरीसुद्धा. तीन यू म्हणजे जवळजवळ जुनी ग्रेपच. एखादी फाईल का वगळली असा संशय आला तर ‘डॅश डॅश डीबग’ कारण सांगतं.

याच्या उलट प्रकारही होस्टेलवर रोज दिसतो. “भो, तुझं रिपग्रेप तर माझ्याकडे ग्रेपसारखंच रडतंय,” अशी तक्रार येते. बघितलं तर प्रोजेक्ट पेनड्राईव्हने कॉपी केलेला, आणि कॉपी करताना लपलेलं ‘डॉट गिट’ फोल्डर मागेच राहिलेलं. गिटचा रेपो नसेल तर रिपग्रेप गिटइग्नोर पाळत नाही, मग नोड मॉड्यूल्सच्या हजारो फाईल्स परत आल्याच. ‘डॉट इग्नोर’ नावाची फाईल करून त्यात नको त्या फोल्डरची नावं लिहा, ती गिटशिवायही चालते.

रोजच्या कामाला लागतात त्या गोष्टी मोजक्याच. ‘आर-जी’ आणि शब्द, बस्स, फोल्डरचं नाव द्यावं लागत नाही, ओळीचा नंबर आपोआप येतो. ‘डॅश आय’ने लहान-मोठ्या अक्षरांचा भेद जातो. ‘डॅश टी पाय’ म्हणजे फक्त पायथॉनच्या फाईल्स. ‘डॅश मोठा सी तीन’ दिलं की वरच्या-खालच्या तीन-तीन ओळी दिसतात, परक्याचा कोड समजून घ्यायला हे फार उपयोगी. आणि कंस, टिंब, चांदणी असलेलं काही जसंच्या तसं शोधायचं असेल तर ‘डॅश मोठा एफ’.

ग्रेप मात्र पुसून टाकू नका. कुठल्याही लिनक्स सर्व्हरवर लॉगिन केलं तर ग्रेप असतेच, रिपग्रेप असेलच असं नाही. शेल स्क्रिप्टमध्येही मी ग्रेपच लिहिते, कारण तिचं वागणं पॉसिक्सच्या प्रमाणात बांधलेलं आहे आणि स्क्रिप्ट दुसऱ्याच्या मशीनवरही चालली पाहिजे. काही जण ग्रेप टाइप केलं की रिपग्रेप चालावं असं एलियस करून ठेवतात. दोघांचे ऑप्शन वेगळे आहेत, त्यामुळे हा उद्योग मला पटत नाही. आणि प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल समोर असताना तर मुळीच करू नका!

इन्स्टॉल करणं सोपं आहे. उबुंटूवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल रिपग्रेप’. विंडोजसाठी एकच एक्झी फाईल मिळते, काही एमबीची. ती फोल्डरमध्ये ठेवली की चालते, ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही, त्यामुळे लॅबच्या मशीनवरही जमतं (लॅब असिस्टंट सरांना विचारून). होस्टेलच्या नेटवर डाऊनलोड होत नसेल तर माझ्या पेनड्राईव्हवर दोन्ही आहेत. मेसच्या वेळेत मागा, सबमिशनच्या आदल्या रात्री दार वाजवू नका.